ट्रकमधल्या बायका, राजवाड्यातले पाहुणे

2011 साली गोरोंतालोतल्या एका पोलीस जवानाने ड्यूटीवर बसल्या बसल्या मोबाइलसमोर ‘छैय्या छैय्या’ रंगवलं. गोरोंतालो हा सुलावेसी बेटाच्या उत्तरेकडचा प्रांत, जकार्तापासून जवळपास दोन हजार किलोमीटरवर. गाणं मागे वाजत होतं. अंगावर ब्रिमॉबचा, म्हणजे सशस्त्र पोलीस दलाचा गणवेश चढवलेला नॉर्मन कमारू ओठ हलवत होता, मान डोलावत होता, शाहरुख खानसारखे हात फेकत होता. व्हिडिओ यूट्यूबवर गेला आणि बघता बघता देशभर पसरला. आधी शिक्षेची भाषा झाली. मग लोक त्याच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा जकार्ताच्या वाहिन्यांनी त्याला उचलून स्टुडिओत नेलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला पोलीस दलातून बडतर्फ केलं गेलं. वाहिन्यांचाही उत्साह ओसरला. पुढे तो जकार्तात तांदळाची पेज विकायला लागला.

गेल्या दीड दशकात इंडोनेशियात व्हिडिओ करणाऱ्यांचा जो उदय झाला, त्याबद्दल वाचताना-पाहताना मला हा जवान सारखा आठवतो. त्याच्या नंतर आलेल्यांकडे कोट्यवधी प्रेक्षक आहेत, स्वतःच्या कंपन्या आहेत, काहींनी तर फुटबॉलचे संघसुद्धा घेतले. कुणा वाहिनीच्या मर्जीवर त्यांचं पोट नाही. तरीही त्यांच्यासमोर प्रश्न तोच आहे. लांबच्या कोपऱ्यातून स्वतःच्या बळावर ऐकू आलेला आवाज राजधानीने जवळ घेतल्यावर तसाच राहतो का? या मंडळींवर उथळपणाचा आरोप रोज होतो आणि त्यात तथ्यही आहे. पण त्यांनी इंडोनेशियाच्या लोकसंस्कृतीला जे दिलं, त्याला उथळपणापेक्षा सत्तेच्या मायेचा धोका जास्त आहे, असं मला वाटतं.

त्यांनी काय दिलं हे कळायला तिथला टीव्ही आधी काय होता ते पाहावं लागतं. सरकारी टीव्हीआरआय 1962 साली जकार्तातल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने सुरू झाली आणि पुढची सत्तावीस वर्षं देशात तेवढी एकच वाहिनी होती. 1989 साली पहिली खासगी वाहिनी आली, आरसीटीआय. ती राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या मुलाची. पाठोपाठ मुलीचीही एक आली. 1998 मध्ये सुहार्तो गेले, पण वाहिन्या जकार्तातच राहिल्या आणि नवे मालकही राजकारणातलेच निघाले. मेट्रो टीव्हीचे सूर्या पालोह यांचा स्वतःचा पक्ष आहे, आरसीटीआयच्या हारी तानूसुदिब्यो यांनीही पक्ष काढला, टीव्हीवनच्या मागे असलेले अबुरिझाल बाक्री गोलकार पक्षाचे अध्यक्ष होते. 2014 च्या निवडणुकीत कुठली वाहिनी लावली यावरून घर कुठल्या उमेदवाराचं ते कळायचं. सतरा हजारांहून अधिक बेटं आणि सातशेहून अधिक भाषा असलेल्या देशाने रोज संध्याकाळी जकार्तातल्या श्रीमंत बंगल्यांच्या मालिका पाहायच्या, अशी रीत पडली होती. 2002 च्या कायद्याने स्थानिक कार्यक्रमांची तरतूद केली. ते कार्यक्रम बहुधा लोक झोपेत असताना, पहाटे दाखवले जात.

या मालिकांत जावानीज वळणाची बोली कुणाच्या तोंडी असायची? मोलकरणीच्या, ड्रायव्हरच्या, विनोदी नोकराच्या. जावानीज बोलणाऱ्यांची संख्या मराठीच्या आसपास आहे. एवढ्या मोठ्या भाषेला आपल्याच देशाच्या पडद्यावर स्वयंपाकघरातच जागा होती. हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नसावी. हिंदी सिनेमातली ‘बाई’ आणि हवालदार आपण पिढ्यान्पिढ्या पाहिले आहेत.

ही जागा बदलली ती यूट्यूबमुळे. पूर्व जावातल्या मलांग शहरातला बायू स्काक हा पोरगा घरात कॅमेऱ्यासमोर बसून मलांगच्या रस्त्यावरच्या जावानीजमध्ये बोलायचा. शुद्ध इंडोनेशियनचा सोस नाही, उच्चार लपवायची धडपड नाही. प्रेक्षक वाढत गेले आणि 2018 साली त्याने ‘योविस बेन’ हा चित्रपट केला, ज्यातले बहुतेक संवाद जावानीजमध्ये आहेत. तो देशभरच्या थिएटरांत लागला, चालला आणि त्याचे पुढचे भागही आले. कुठल्या निर्मात्याला हे धाडस सुचलं असतं? प्रेक्षक आहेत हा पुरावा आधी तयार होता, म्हणून पैसा आला.

दिदी केम्पोत यांची गोष्ट मला याहून हृद्य वाटते. मध्य जावातल्या सोलो शहराचा हा गायक तरुणपणी फुटपाथवर गायचा. विरहाची जावानीज गाणी त्याने आयुष्यभर रचली आणि गायली. पार दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला स्थायिक झालेल्या जावानीज लोकांतही तो लाडका होता, पण जकार्ताच्या लेखी ती गावाकडची, जुनी, बसस्टँडवरची गाणी. 2019 च्या जुलैमध्ये सोलोजवळच्या एका खानावळीत त्याची लोकांसमोर मुलाखत झाली आणि ती यूट्यूबवर आली. विशीतली मुलं त्याची गाणी तोंडपाठ म्हणत रडताना दिसली. ‘साद बोईस’ आणि ‘साद गर्ल्स’ म्हणवून घेणाऱ्या या पोरांनी त्याला ‘गॉडफादर ऑफ ब्रोकन हार्ट’ केलं. ‘आंब्यार’, म्हणजे पार विखुरलेलं, कोसळलेलं, हा जावानीज शब्द देशभरच्या तरुणांच्या बोलण्यात आला. 5 मे 2020 रोजी वयाच्या 53 व्या वर्षी दिदी गेले. शेवटच्या दहा महिन्यांत त्यांना जे प्रेम मिळालं, ते कुठल्याही वाहिनीने आधीच्या तीस वर्षांत त्यांच्यापर्यंत पोचू दिलं नव्हतं.

आणि मग ‘तिलिक’. हा शब्द जावानीज. आजारी माणसाला भेटायला जाणं असा त्याचा अर्थ. दिग्दर्शक वाह्यू आगुंग प्रासेत्यो यांचा अर्ध्या तासाचा हा लघुपट 2018 मधला. महोत्सवांत त्याचं कौतुक झालं, पण सगळ्यांनी तो पाहिला 2020 च्या ऑगस्टमध्ये, यूट्यूबवर फुकट आल्यानंतर. योग्याकार्ताजवळच्या गावातल्या बायका एका उघड्या ट्रकमध्ये दाटीवाटीने उभ्या-बसलेल्या, शहरातल्या इस्पितळात गावच्या आजारी महिला सरपंचांना भेटायला निघालेल्या. वाटेत बू तेजो नावाची बाई गावातल्या एका तरुण मुलीबद्दल फेसबुकवरचे फोटो दाखवत कुचाळक्या करते, दुसरी तिला अडवते, पुरावा काय म्हणून विचारते. बस, एवढंच. मी तो उपशीर्षकं वाचत पाहिला आणि टेम्पोत बसून साखरपुड्याला निघालेल्या आपल्याकडच्या बायका डोळ्यांसमोर आल्या. तीच दाटी, कुणाला तरी मळमळणं, तोंडावर पदर घेऊन तीच कुजबुज. काही आठवड्यांत तो दोन कोटींच्या आसपास वेळा पाहिला गेला. बू तेजोच्या तोंडचा ‘सोलुतिफ’ हा शब्द, म्हणजे माणसाने जरा तोडगा काढणारं असावं, गप्पांमध्ये रुळला. या चित्रपटाला पैसे योग्याकार्ता प्रांताच्या सांस्कृतिक खात्याने दिले होते. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढे मला त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता आक्षेप. याच यूट्यूबवर 2020 च्या रमजानमध्ये बांडुंगच्या एका तरुणाने तृतीयपंथी व्यक्तींना मदतीचे खोके म्हणून कचरा आणि दगड भरलेले खोके वाटले, त्यांचे चेहरे टिपले आणि ते हसण्यासाठी लोकांपुढे ठेवलं. महामारीत कामधंदा बुडालेल्या माणसांशी हे केलं गेलं. त्याला अटक झाली. 2023 च्या जानेवारीत लोम्बोक बेटावरच्या वयस्क बायका टिकटॉक लाइव्हवर चिखलाच्या थंड पाण्यात तासन्‌तास बसून अंगावर तांबे ओतत होत्या. बघणारे ‘भेटी’ पाठवत, त्या भेटींचे पैसे होत. समाजकल्याण मंत्री त्री रिस्माहारिनी यांनी परिपत्रक काढून राज्यपालांना आणि जिल्हाप्रमुखांना हे थांबवायला सांगितलं.

हे पाहून ‘असल्या माध्यमाला आवर घाला’ म्हणणाऱ्यांचा संताप मला समजतो. खोक्यांच्या प्रकाराला माफी नाही. पण चिखलातल्या त्या बायकांकडे मी बराच वेळ पाहत राहिले आणि मला लाज वाटली ती त्यांची नाही. साठी उलटलेल्या बाईला शेतमजुरीपेक्षा थंड पाण्यात भिजण्याचे जास्त पैसे मिळतात, हे लोम्बोकच्या मजुरीबद्दल काही सांगतं. अनोळखी लोकांची दया मिनिटामिनिटाला पैशात मोजून त्यातला वाटा कापून घेणारी यंत्रणा लोम्बोकमध्ये बनलेली नाही. बाई उठवून घरी पाठवणं सोपं आहे. भेटींचं ते बटण कसं चालतं, त्यातलं किती कंपनी ठेवते आणि म्हाताऱ्या माणसांच्या, मुलांच्या थेट प्रक्षेपणावर ते असावंच का, हे कंपनीला विचारणं अवघड आहे. सरकारने जोर लावायचा तर तिथे लावावा.

त्याऐवजी जोर लागतो तो बोलण्यावर. 2020 मध्ये आरसीटीआय आणि तिच्याच समूहाची आणखी एक वाहिनी घटना न्यायालयात गेल्या. इंटरनेटवरून दाखवलं जाणारंही प्रसारणच माना आणि त्यालाही प्रसारण कायदा लावा, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली असती तर मलांगच्या पोरालाही थेट प्रक्षेपणासाठी परवाना घ्यावा लागला असता. जानेवारी 2021 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. 2024 च्या मे महिन्यात संसदेत नव्या प्रसारण विधेयकाचा मसुदा फिरू लागला. त्यात इंटरनेटवरच्या मजकुरावर प्रसारण आयोगाचा अधिकार होता आणि शोधपत्रकारितेच्या प्रक्षेपणावर बंदीचं कलमही होतं. पत्रकार रस्त्यावर उतरले, मग विधेयक बाजूला ठेवलं गेलं. त्याच वर्षी भारतातही प्रसारण सेवा विधेयकाचा सुधारित मसुदा निवडक लोकांना दाखवला गेला. बातम्यांवर बोलणाऱ्या यूट्यूबरांनाही त्यात ओढण्याचा बेत होता आणि ऑगस्टमध्ये तो मागे घेतला गेला. दोन्ही देशांच्या राजधान्यांना एकाच वर्षी एकाच गोष्टीची भीती वाटली.

ती भीती खोक्यांच्या व्हिडिओंमुळे नव्हती हे उघड आहे. 2019 च्या मतदानाला चार दिवस उरले असताना माहितीपटकार डांडी लक्सोनो आणि वॉचडॉक या त्यांच्या माहितीपट-संस्थेच्या मंडळींनी ‘सेक्सी किलर्स’ हा माहितीपट यूट्यूबवर टाकला. कालिमांतान, म्हणजे बोर्निओ बेटाचा इंडोनेशियातला भाग, तिथल्या कोळसा खाणींचे न बुजवलेले खड्डे, त्यात बुडून मेलेली मुलं, आणि दोन्ही उमेदवारांच्या गोटातल्या लोकांचे त्या धंद्याशी असलेले संबंध. कोळसा आणि वाहिन्या यांचे मालक एकाच वर्तुळात वावरणाऱ्या देशात हा माहितीपट टीव्हीवर कोण दाखवणार होतं?

लाम्पुंगचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं. सुमात्राच्या दक्षिण टोकाचा हा प्रांत, खड्ड्यांच्या रस्त्यांसाठी प्रसिद्ध. तिथला बीमा युधो सापुत्रो हा ऑस्ट्रेलियात शिकणारा मुलगा. 2023 च्या एप्रिलमध्ये त्याने टिकटॉकवर ‘लाम्पुंग पुढे का जात नाही’ असा व्हिडिओ केला. भाषा तिखट होती, क्वचित शिवराळही. एका वकिलाने त्याच्याविरुद्ध इलेक्ट्रॉनिक माहिती कायद्याखाली पोलिसांत तक्रार दिली. 2008 पासूनचा हा कायदा, बदनामीच्या नावाखाली कितीतरी सामान्य माणसांना कोर्टाची पायरी चढायला लावणारा. गावाकडच्या आईवडिलांकडे चौकशा सुरू झाल्या. देशभर ओरड झाली तेव्हा पोलिसांनी तक्रार निकाली काढली. 5 मे रोजी राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो स्वतः लाम्पुंगला गेले, त्या रस्त्यांवरून गाडीने हेलकावे खात फिरले आणि दुरुस्तीसाठी केंद्राचे 800 अब्ज रुपिया जाहीर केले. वर्षानुवर्षं अर्ज करणाऱ्या गावकऱ्यांना जे जमलं नाही, ते काही मिनिटांच्या व्हिडिओने झालं. ‘नो व्हायरल, नो जस्टिस’ असं इंडोनेशियात लोक म्हणतात, ते उगाच नाही. व्हायरल झाल्याशिवाय न्याय नाही, ही शोकांतिकाच आहे. पण निदान तेवढी खिडकी उघडी आहे आणि ती कुणीतरी दूरच्या गावातूनच उघडली आहे.

धमकी आणि खटला यांनी ही खिडकी बंद होत नाही, हे सत्तेच्या लक्षात आलं आहे. म्हणून मला माया जास्त भयंकर वाटते.

2020 मध्ये कामगारांचे हक्क कमी करणारा ‘रोजगार निर्मिती’ कायदा येत होता, तेव्हा अनेक लोकप्रिय चेहरे अचानक ‘इंडोनेशियाला काम हवं’ असा हॅशटॅग वापरू लागले. हे पैसे घेऊन होतं हे उघड झाल्यावर एका गायकाने माफी मागितली, पैसे परत करतो म्हणाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंडोनेशिया करप्शन वॉच या संस्थेने सरकारी खरेदीच्या नोंदी चाळून दाखवलं की केंद्रीय संस्थांनी काही वर्षांत इन्फ्लुएन्सरांवर 90.45 अब्ज रुपिया खर्च केले होते. जनतेचा पैसा जनतेचं मत बनवायला, तोही जाहिरात आहे हे न सांगता.

मग घरोबा वाढला. जानेवारी 2021 मध्ये राष्ट्राध्यक्षांबरोबर कोविडची पहिली लस घेणाऱ्यांत राफी अहमद होते. टीव्हीवरून यूट्यूबवर आलेले, पत्नीसह ‘रान्स’ हा मोठा व्यवसाय उभारलेले. लस घेतली त्याच रात्री ते एका पार्टीत विनामास्क दिसले. एप्रिलमध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या यूट्यूबरांपैकी एक, अत्ता हालिलिंतार यांच्या लग्नाला राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो आणि संरक्षण मंत्री प्राबोवो सुबियांतो साक्षीदार म्हणून हजर राहिले. त्याची बातमी राज्य सचिवालय मंत्रालयाने आपल्या खात्यावरून दिली तेव्हा लोक भडकले, आणि बरोबरच भडकले. 2022 च्या डिसेंबरात प्राबोवोंनी पॉडकास्टवाले देदी कोर्बुझिए यांना लेफ्टनंट कर्नल हा मानद हुद्दा दिला. पुढे प्राबोवो राष्ट्राध्यक्ष झाल्यावर राफी अहमद त्यांचे विशेष दूत झाले आणि देदी संरक्षण मंत्र्यांचे विशेष सल्लागार.

देदींचा पॉडकास्ट मोठा झाला तो बंद दाराआड सेलिब्रिटींपासून मंत्र्यांपर्यंत कुणालाही बसवून मोकळं बोलायला लावणारा म्हणून. लष्कराचा हुद्दा आणि मंत्रालयातली खुर्ची स्वीकारल्यावर त्याच टेबलावर लष्कराबद्दल मोकळं काय बोललं जाणार? कुणी त्यांना गप्प बसवण्याची गरजच उरत नाही. प्रेक्षकांनी आपला विश्वास एका माणसाकडे ठेव म्हणून दिलेला असतो. ती ठेव परस्पर सरकारजमा होते, आणि प्रेक्षकाला कुणी विचारत नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये या सगळ्याची परीक्षा झाली. खासदारांना महिन्याला 5 कोटी रुपिया घरभत्ता मिळतो हे कळल्यावर आंदोलन पेटलं. जकार्ताच्या किमान वेतनाच्या नऊपट भरतो तो. 28 ऑगस्टच्या रात्री ब्रिमॉबच्या चिलखती गाडीखाली मोटरसायकलवरून डिलिव्हरी करणारा 21 वर्षांचा मुलगा चिरडला गेला. ते मोबाइलवर टिपलं गेलं होतं, त्यामुळे नाकारता आलं नाही. दोन दिवसांनी टिकटॉकने इंडोनेशियात लाइव्हची सोय काही दिवसांसाठी बंद केली. नेमक्या त्याच दिवसांत काही क्रिएटर एकत्र आले. जपानमध्ये गणित शिकताना व्हिडिओ करून नाव कमावलेला जेरोम पोलिन, यूट्यूबच्या पहिल्या पिढीतले आंदोवी आणि जोव्हियल दा लोपेझ हे भाऊ, आणि आणखी काही जण. रस्त्यावरच्या विखुरलेल्या मागण्या त्यांनी ‘17+8’, म्हणजे सतरा तातडीच्या आणि आठ लांब पल्ल्याच्या, अशा एका कागदावर आणल्या आणि 4 सप्टेंबरला संसदेच्या दारात नेऊन दिल्या. सरकारच्या बाजूचा संदेश पसरवण्यासाठी पैसे देऊ करणारा प्रस्ताव आला होता, तोही जेरोमने लोकांसमोर मांडला. दुसऱ्या दिवशी संसदेने घरभत्ता बंद केल्याचं जाहीर केलं.

मार खाल्ला विद्यार्थ्यांनी आणि कामगारांनी, नाव झालं यूट्यूबरांचं, अशी टीका यावर झाली. ती पूर्ण चुकीची नाही. पण ज्यांच्यासाठी राजवाड्याचं दार सताड उघडं आहे, त्यांच्यातले काही संसदेच्या दाराबाहेर उभे राहिले, याची मी मनापासून कदर करते.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सरकारने कुठल्याही चेहऱ्याला कुठल्याही प्रचारासाठी दिलेला प्रत्येक रुपिया त्या व्हिडिओवरच लिहिलेला असावा. बदनामीसाठी तुरुंग ही तरतूद कायद्यातून जावी, म्हणजे लाम्पुंगच्या मुलाच्या आईवडिलांच्या दारात कुणी जाणार नाही. सरकारी पद घेतलेल्याने त्या काळात पॉडकास्ट बंद ठेवावा. आणि संस्कृतीवर खर्च करायचाच असेल तर तो योग्याकार्ताने केला तसा करावा. त्या खात्याने पैसे दिले, संहितेत सरकारची एकही ओळ घुसवली नाही, आणि चित्रपट लोकांच्या भाषेत, लोकांना फुकट पाहायला मिळाला. त्यात एका ठिकाणी वाहतूक पोलीस माणसं भरलेला तो ट्रक अडवतो. बू तेजो वरूनच त्याच्यावर तोंड सोडते, बाकीच्या बायका तिला साथ देतात, आणि पोलिसाला शेवटी बाजूला व्हावं लागतं. सरकारी पैशातून बनलेल्या चित्रपटात तो प्रसंग कुणीही कापलेला नाही.